सातव्या खोक्यातलं साउंड कार्ड

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, अविवाहित, धंदा संगणक जोडणी व दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, माझ्यामागे काय व्हावं ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कुणाला शंका असेल तर त्याने बंद पडलेलं कोणतंही मशीन माझ्या टेबलावर आणून ठेवावं, मग बोलू. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण गेलं वर्षभर "लिहिलंस का, लिहिलंस का" म्हणून टोचत होती, पण ती सगळ्यांनाच टोचते.

वकीलीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. एक, खाडाखोड करायची नाही. मत बदललं तर पुढे नवीन कलम लिहायचं, जुनं जिथल्या तिथे राहू द्यायचं. दोन, प्रत्येक वस्तूचं वर्णन असं करायचं की परक्या माणसालाही ती ओळखता यावी. दोन्ही गोष्टी मी पाळणार आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलीणबाईंनी करावी. त्यांचा पहिला संगणक मी जोडून दिला होता आणि त्यांनी त्यावर चहा सांडला होता, तेव्हापासून आमची ओळख आहे.

कलम २. वरच्या दोन खोल्या, त्यांतलं सामान आणि बँकेतली माझी सगळी शिल्लक कर्णबधिर मुलांच्या शाळेला द्यावी. कारण विचारलं जाईल म्हणून लिहिते. सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानाकडून, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडून, त्या शाळेचं कधीही भरून न येणारं नुकसान झालं. आमच्या घराण्याकडून त्याची थोडी तरी भरपाई व्हावी. अधिक खुलासा कलम ५ मध्ये.

कलम ३. हत्यारं. सोल्डरिंगची बंदूक, मीटर, चिमटे आणि टोकाला चुंबक असलेला लांब स्क्रूड्रायव्हर हे सगळं तंत्रशाळेला द्यावं. त्यात एक साधा खोडरबर निघेल, तो कुणी कचऱ्यात टाकू नये. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या त्याने हलक्या हाताने पुसल्या की मेलेलं म्हणून आणलेलं अर्धंअधिक सामान उठून बसायचं. गिऱ्हाइकासमोर मी तो कधी वापरला नाही. आत नेऊन पुसायची आणि बाहेर येऊन "अवघड होतं" म्हणायची. एवढी लबाडी मी केली आहे आणि इथे कबूल करते.

चष्मेवालीला माझा सगळ्यात छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवायचा होता. पण ती या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकीलीणबाई सांगतात. हे तिला कळल्यावर ती म्हणाली, "मग मरायची वाट कशाला बघायची? आत्ताच दे की!" आणि स्क्रूड्रायव्हर पदरात खोचून चालती झाली. वकीलीणबाई म्हणाल्या, जिवंतपणी दिलेलं चालतं.

कलम ४. कार्डं. बुटांचे सात खोके आहेत, मागच्या खोलीत, लोखंडी कपाटावर. हे खोके कुणाला द्यावेत हे मला अजून कळलेलं नाही, कारण ही कार्डं जिथे बसतील अशी मशीनं आता राहिली नाहीत.

परक्या माणसाला ओळख पटावी म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पूर्वी संगणकाचं झाकण उघडलं की आत एक मोठी हिरवी पाटी दिसायची आणि तिच्यावर ओळीने खाचा, म्हणजे स्लॉट. लांब काळे जुने, आखूड पांढरे त्यानंतरचे, आणि चित्राच्या कार्डासाठी एकच तपकिरी, जरा आत सरकून बसलेला. मशीन घेताना ते अगदी साधं असायचं. मग ज्याला जे हवं त्याचं कार्ड त्या खाचेत बसवायचं. गाणी ऐकायची असतील तर साउंड कार्ड. टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या माणसाशी बोलायचं तर मॉडेम कार्ड. दोन मशीनं एकमेकांना जोडायची तर नेटवर्क कार्ड. पुढे टीव्हीचं कार्डसुद्धा आलं. ते मी दुकानातल्या मशीनला बसवलं तेव्हा अख्खी गल्ली फुटबॉलचा सामना बघायला टेबलाभोवती उभी होती. चित्र सगळं जांभळं दिसत होतं, तरी कुणी हललं नाही.

कार्ड दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. आधी पुढची बाजू, मग मागची. नीट बसलं की हाताला कळायचं. मग वरचा एक स्क्रू आवळायचा, झाकण न लावताच मशीन सुरू करायचं, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं. त्या धंद्यात मला खरा आनंद मिळाला तो त्या अर्ध्या मिनिटाचा. मशीनमध्ये दोन-तीन खाचा रिकाम्या राहिल्या की लोक विचारायचे, "इथे पुढे काय बसवता येईल हो?" हल्ली सगळं आधीच चिकटवून येतं. बिघडलं की फेकायचं. कुणी काही विचारत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

खोका एक ते तीन: साउंड आणि मॉडेम. खोका चार: नेटवर्क. खोका पाच: चित्राची कार्डं, एक कमी. ते एक कार्ड समोरच्या दंतवैद्याने "दोनच दिवस वापरून बघतो" म्हणून नेलं, त्याला एकवीस वर्षं झाली. विचारलं की कानावर हात ठेवतो. माझ्या मृत्यूनंतर वकीलीणबाईंनी त्याच्या दवाखान्यात जाऊन, बाहेर पेशंट बसलेले असताना, ते मोठ्याने मागावं. खोका सहा: काय काय, मलाही नाव सांगता येणार नाही.

खोका सात: यात एकच वस्तू आहे. पिना ठोकून बंद केलेल्या चंदेरी पिशवीत एक साउंड कार्ड. पिशवीवर माझ्या अक्षरात "भावाचा प्रताप" असं लिहिलं आहे.

कलम ५. माझा धाकटा भाऊ, वय चौसष्ट, हल्ली लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. त्याला माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेतलं काहीही मिळू नये. दुकानाचा गाळा विकावा, येईल ते कलम २ प्रमाणे शाळेला जावं.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, राग कधीच मुरला आहे. दुकान आम्ही दोघांनी सुरू केलं. आमच्यात एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्या दुकानात मी पाहिला नाही. जुन्या कार्डांवर बारीक पिनांच्या जोड्या असायच्या आणि त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी, तिला जंपर म्हणतात. टोपी कुठल्या जोडीवर आहे त्यावरून कार्ड कुठल्या वाटेने माल नेणार हे ठरायचं. प्रत्येक वाटेला नंबर. दोन कार्डांना चुकून एकच वाट दिली की दोघांचा माल एकमेकांत मिसळायचा. कधी मशीन अडून बसायचं, आणि कधी अडायचंसुद्धा नाही, गुपचूप कचरा लिहीत राहायचं. म्हणून नियम असा की टोपी जो बसवेल त्याने तिच्या शेजारी नखांच्या पॉलिशचा ठिपका द्यायचा. माझा लाल. त्याचा हिरवा, कारण हिरवी बाटली कुणी घेत नव्हतं म्हणून दुकानदाराने फुकट दिली. माझ्या नखांना आयुष्यात रंग लागलेला नाही, पण पॉलिशच्या लाल बाटल्या मी अकरा संपवल्या.

शाळेत बोलायला शिकवणाऱ्या बाई प्रत्येक मुलाचा आवाज संगणकात भरून ठेवायच्या. पहिल्या दिवशीचा, मग दर महिन्याचा. मूल पहिल्यांदा स्पष्ट शब्द म्हणालं की तो शब्द. सात वर्षांचे आवाज होते. मशीन जुनं झालं म्हणून दर आठवड्याला सगळं टेपवर उतरवून ठेवायचं ठरलं, आणि त्यासाठी टेपचं कार्ड माझ्या भावाने बसवलं. दहा महिन्यांनी डिस्क गेली. टेपा लावून पाहिल्या तर पहिल्या तीन महिन्यांत भरलेल्या टेपाच बाई पुढे पुन्हा पुन्हा वापरत आल्या होत्या, त्यामुळे त्यांवरचं जुनं पुसून गेलेलं, आणि नंतर जे भरलं गेलं तो नुसता कचरा. साउंड कार्ड आणि टेपचं कार्ड एकाच वाटेवर होती. एकही आवाज हाती लागला नाही.

त्या आठवड्यात एक गृहस्थ शाळेत आले. त्यांची मुलगी त्याच वर्षी तापाने गेली होती. ते बाईंना म्हणाले, "तिने 'बाबा' म्हटलेलं तुमच्याकडे आहे ना? ते मला एकदा ऐकवा." मी तिथे उभी होते. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हे माझ्या भावाचं काम." भाऊ म्हणाला, "ताई, साउंड कार्ड मी तीनच्या वाटेवर ठेवलं होतं, टेपचं एकच्या. ठिपका बघ." मी म्हणाले, "पुराव्याला हात लावायचा नाही." तिथेच साउंड कार्ड काढून पिशवीत घातलं, पिना ठोकल्या आणि वर लिहिलं. तो दुकान सोडून गेला. आई गेली तेव्हा स्मशानातून परतताना त्याने पुन्हा विचारलं, "ताई, पिशवी उघडलीस का?" मी मान फिरवली. स्वतःची चूक कबूल न करणाऱ्या माणसाला माझ्या घरात जागा नाही.

कलम ६. हे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे.

वकीलीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आज खोक्यांतल्या प्रत्येक कार्डाचा नंबर उतरवून घ्यायला बसले. सहा खोके दुपारपर्यंत झाले. सातव्यात पिशवी. नंबर कार्डाच्या मागच्या बाजूला असतो, तो पिशवीतून दिसत नाही. म्हणून पिना उपसल्या.

वस्तूचं वर्णन: साउंड कार्ड, लांब काळ्या स्लॉटचं, नंबरचा शेवट ४४१७. तीन नंबरच्या पिनांशेजारी हिरवा ठिपका. टोपी मात्र तिथे नाही. टोपी एक नंबरवर आहे आणि तिच्या शेजारी लाल ठिपका आहे.

भिंग घेऊन पाहिलं. दारात उजेडात नेऊन पाहिलं. लालच आहे.

मग हळूहळू सगळं आठवलं. टेपचं कार्ड बसवल्यावर तीनेक महिन्यांनी शाळेतून फोन आला होता की आवाज येत नाही. भाऊ दुसऱ्या कामावर होता, म्हणून मी गेले. कुणीतरी आवाजाचा प्रोग्राम नव्याने घातला होता आणि तो कार्डाला एक नंबरच्या वाटेवर शोधत होता. शहाण्या माणसाने प्रोग्राम बदलला असता. मला घाई होती, मी टोपी हलवली. हिरवा ठिपका मला दिसला असणार, पण "धाकट्याने काहीतरी उगाच करून ठेवलंय" एवढंच मनात आलं असणार. टेपचं कार्ड कुठल्या वाटेवर आहे ते मी पाहिलं नाही. आवाज आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, बाईंनी मला बिस्किटं दिली, आणि मी सवयीने लाल ठिपका देऊन घरी आले. वीस मिनिटांचं काम. मी ते साफ विसरले.

त्याने मला एकच गोष्ट सांगितली होती, ठिपका बघ. तो पाहायला एक मिनिट लागलं असतं. मी सव्वीस वर्षं तो पुरावा कपाटावर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, आणि उघडला नाही. आता वाटतं, मला आतून कुठेतरी भीती होती. माझी मला लाज वाटते. हे लिहिताना अक्षर बिघडलं आहे, याला खाडाखोड समजू नये.

कलम ७. कलम ६ मुळे पुढील बदल करते.

कलम २ कायम राहील, कारण बदलेल. नुकसान माझ्या हातून झालं. "भावाकडून" हे शब्द खोटे आहेत. वकीलीणबाईंनी कलम ६ ची एक प्रत शाळेला द्यावी. शिकवणाऱ्या बाई आता थकल्या आहेत, त्यांना ती कुणीतरी वाचून दाखवावी. दुसरी प्रत त्या मुलीच्या वडिलांना, ते हयात असतील तर, घरी जाऊन द्यावी. त्यांनी सव्वीस वर्षं भलत्याच माणसाला दोष दिला असेल.

कलम ५ रद्द. दुकानाचा गाळा, पाटी, सातही खोके आणि ४४१७ नंबरचं कार्ड माझ्या धाकट्या भावाला मिळावं. टेबलाच्या खणात त्याची हिरवी बाटली आहे, वाळलेली, तीसुद्धा. माझ्या मृत्यूनंतर हे कलम त्याला सावकाश वाचू द्यावं.

कलम ८. हे तिसऱ्या दिवशी लिहीत आहे, आणि यानंतर मी काही लिहिणार नाही.

सकाळी चष्मेवाली सही करायला आली. वाचायची गरज नाही म्हटलं तरी चष्मा लावून पहिल्यापासून वाचत बसली. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "हे त्याने कधी वाचायचं?"

"मी गेल्यावर."

"आणि मग तो तुला काय म्हणायचं ते कुणाला म्हणणार? फोटोला?" तिने माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "तू सव्वीस वर्षं त्याचं ऐकलं नाहीस बाई. आता मरून पुन्हा त्याच्या तावडीतून सुटणार? फोन लाव."

मी म्हणाले, तो उचलणार नाही. तिने स्वतःच लावला आणि माझ्या कानाला चिकटवला. मागे लिफ्टची घरघर येत होती. तो म्हणाला, "कोण?"

"धाकट्या, पिशवी उघडली."

घरघर थांबली. मग म्हणाला, "काय निघालं?"

"तीनवर तुझा हिरवा. एकवर माझा लाल. टोपी माझ्या लालवर."

तो म्हणाला, "येतो."

दुपारी वकीलीणबाई येऊन बसल्या होत्या, चष्मेवालीही थांबली होती, तेव्हा तो आला. केस पार पांढरे झाले आहेत. दुकानात पाऊल टाकलं तेव्हा हातातली हत्यारं ठेवायला सवयीने उजवीकडे वाकला, तिथे पूर्वी ठेंगणं कपाट होतं. मला ते पाहून रडू आलं. तो बसला नाही. कार्ड उचललं, खिडकीशी नेलं, अंगठ्याने हिरव्या ठिपक्यावरची धूळ पुसली.

"मला वाटायला लागलं होतं की मीच चुकलो असेन," तो म्हणाला. "इतकी वर्षं तू म्हणत होतीस, आई म्हणत होती. लिफ्टची एक तार जोडली तरी मी तीनदा तपासतो, ताई. घरी येऊन झोपलो तरी वाटतं, नीट जोडली ना? एक पिशवी होती गं. नुसती पिशवी."

मी म्हणाले, "माझं चुकलं." हे दोन शब्द मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

तो म्हणाला, "लगेच माफ केलं असं काही मी म्हणणार नाही."

मी म्हणाले, "नकोच म्हणू."

मग त्याने हा कागद वाचला. कलम ३ मधल्या खोडरबराला हसला. कलम ५ दोनदा वाचलं. कलम ७ ला मान वर करून म्हणाला, "मला मेलेल्या बहिणीकडून दुकान नको."

वकीलीणबाई म्हणाल्या की आजच्या आज दुसरा साक्षीदारही हवा. दंतवैद्याला बोलावलं होतं, पण त्याच्या कानावर खोका पाचची बातमी गेली असावी, त्याने दवाखान्याला कुलूप लावलं होतं. भाऊ म्हणाला, "मी करतो सही."

"तुम्ही साक्षीदार झालात तर तुम्हाला यातलं काही मिळायचं नाही," वकीलीणबाईंनी सांगितलं.

"नकोच आहे. एकदा हिने मला बघू दिलं नाही. आता ही सही करताना मी समोर उभा राहून बघणार."

मग मी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि शटरची त्याच्या हातात दिली. चष्मेवालीला स्क्रूड्रायव्हर दिला तशीच, जिवंतपणी, म्हणून त्या किल्लीचा या कागदाशी संबंध नाही. गाळ्याचे कागद त्याच्या नावे करायचं काम वकीलीणबाई याच आठवड्यात करतील. मी म्हणाले, "सोमवारपासून ये."

"सोमवारी लिफ्ट आहे. मंगळवारी येतो. आधी शाळेत जाऊ. त्या मुलीच्या वडिलांकडेही जायचं. मी येतो बरोबर, पण बोलायचं तू."

तेव्हा कलम ७ मधल्या प्रती माझ्या मृत्यूनंतर पोचवण्याची तजवीज रद्द. त्या मी स्वतः नेऊन देईन. दुकान, खोके, कार्ड आणि बाटली यांबद्दलचा भागही रद्द, ते सगळं धाकट्याला आत्ताच दिलं. बाकी सर्व कलमं कायम.

हा कागद मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातलं प्रत्येक अक्षर मला मान्य आहे. कागदावर शेवटी दोन रंगीत ठिपके आहेत, ते डाग नव्हेत, मुद्दाम दिले आहेत.

ठिकाण: दुकान, मागचं कामाचं टेबल.
दिनांक: १८ नोव्हेंबर, दुपारी पावणेचार.

मृत्युपत्र करणारी: (सही) शेजारी लाल ठिपका.

साक्षीदार पहिली: चष्म्याच्या दुकानाची मालकीण. (सही) मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. स्क्रूड्रायव्हर मला आधीच मिळालेला आहे.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्ती, आणि मंगळवारपासून या दुकानात. (सही) ताईने माझ्यासमोर सही केली. मी तपासलं. बरोबर आहे. बाटली वाळली होती, थेंबभर थिनर घालावं लागलं. शेजारी हिरवा ठिपका.